वहीत बरोबर, गोठ्यात चूक : गटातल्या वासरांना दूध कसं पाजावं



संयोजकांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं, "वासरांना दूध कसं पाजावं." पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी चाचरत विचारलं, "सर, हे रूपक आहे का?" म्हटलं, नाही हो. वासरं म्हणजे वासरं आणि दूध म्हणजे दूध. (हशा)

आता तुमच्यातले काही गोठेवाले आहेत. ते म्हणत असतील, हा तत्त्वज्ञानाचा मास्तर आम्हाला काय शिकवणार? आणि बाकीचे म्हणत असतील, आम्हाला वासरांशी काय करायचंय? दोन्ही शंका रास्त आहेत. गोठेवाल्यांनी माझ्या चुकीतून जमेल तेवढं घ्यावं. बाकीच्यांनी एवढंच बघावं की 'वाटप' हा शब्द मी आयुष्यभर वर्गात शिकवला, पण त्याचा अर्थ मला गोठ्यात कळला.

अठरा भागिले नऊ

निवृत्तीनंतर मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहायला गेलो. पुतण्याचा तिथे संकरित गाईंचा मुक्त संचार गोठा आहे. एका हिवाळ्यात एकाच वेळी नऊ वासरं दुधावर होती. त्यांना सकाळ-संध्याकाळ दूध पाजायचं काम मी मागून घेतलं. प्लास्टिकचा निळा पिंप उभा चिरून आडवा ठेवलेला होता. त्यात दूध ओतायचं आणि फाटक उघडायचं. वासरं शेपट्या वर करून धावत यायची. बघून मला फार बरं वाटायचं.

मी शिस्तीचा माणूस, वही घातली. तारीख, वेळ, वासरे ९, दूध १८ लिटर. म्हणजे दर वासराला एका वेळी २ लिटर, दिवसाला ४. तीन आठवडे वहीत एकही खाडा नाही.

चौथ्या आठवड्यात, कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक लहानखुरी कालवड होती, टिकली म्हणायचो आम्ही तिला, ती सकाळी उठलीच नाही. दुपारपर्यंत गेली. डॉक्टरांनी तपासलं. हगवण नव्हती, छातीत काही नव्हतं. नुसती हाडं आणि कातडी. ते म्हणाले, "ही उपाशी होती." मी वही आणून दाखवली. पुतण्याने ती चाळली आणि म्हणाला, "काका, वहीत तर सगळं बरोबर हाय." वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती रोज शेवटी यायची. पिंप चाटून जायची. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."

मला ठाऊक नव्हतं. मी दूध बघत होतो, वासरं बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन उभा राहिलो. १८ लिटर दूध तीन मिनिटांत संपलं. जे वासरू मिनिटाला लिटरभर ओढत होतं, त्याला तीन लिटर मिळालं. जे मिनिटाला पाव लिटर पीत होतं, त्याला पाऊण. टिकली त्याहून सावकाश पिणारी होती. पंचवीस-तीस किलोच्या वासराला नुसतं जिवंत राहायला, अंगात ऊब टिकवायला, दिवसाला जवळजवळ दोन लिटर दूध लागतं. वाढ त्याच्या वरच्या दुधावर होते. तिला दोन्ही वेळचं मिळून दीड लिटरसुद्धा मिळत नव्हतं. बळी तो कान पिळी म्हणतात ना, ते इथे रोज दोनदा, माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. आणि मी सरासरी लिहीत होतो.

हा प्रश्न आजोबांना का पडला नाही

आजोबांच्या वेळी देशी गाय. वासरू सोडल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. वासरू थोडं प्यायचं, मग ओढून बांधायचं, धार काढायची, शेवटचं पुन्हा वासराला. आमच्या घरी एक सड वासराचा म्हणून ठेवायचे. एक गाय, एक वासरू. तिथे गट नव्हता, म्हणून वाटपाचा प्रश्नही नव्हता.

मग संकरित गाई आल्या. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ संस्था उभी केली. अशा संस्थांच्या आणि सरकारी केंद्रांच्या कामातून संकरीकरण गावोगाव पोचलं. संकरित गाय वासराशिवाय पान्हवते. त्यामुळे वासरू जन्मल्यावर लगेच वेगळं करता येतं, दूध मोजता येतं, आणि वासराला किती द्यायचं हे माणूस ठरवतो. ही जबाबदारी आपण घेतली. पूर्वी ती गाईची होती.

गोठा मोठा झाला की वासरं एकत्र ठेवणं सोयीचं पडतं. ते त्यांच्याही भल्याचं आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एक प्रयोग झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वासरांना रंग ओळखून दूध मिळवायला शिकवलं. दोन्ही प्रकारची वासरं शिकली, एकटी वाढलेली आणि सोबतीने वाढलेली. मग नियम उलटा केला. सोबतीने वाढलेल्या वासरांनी तो बदल पकडला, एकटी वाढलेली जुन्याच रंगाला चिकटून राहिली. तेव्हा 'प्रत्येकाला वेगळं कोंडा, प्रश्न मिटला' हे उत्तर नाही. एकत्र ठेवायचं आणि तरी प्रत्येकाला त्याचं पोचवायचं, हे उत्तर शोधायचंय.

गटात जाण्याआधी

गटाची गोष्ट पहिल्या आठवड्यानंतर सुरू होते. त्याआधी चीक.

गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात. ती जशीच्या तशी रक्तात शोषण्याची आतड्याची ताकद जन्मल्यापासून तासातासाने घटत जाते आणि साधारण २४ तासांत संपते. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे. खरवस मलाही आवडतो. पण पहिल्या धारेचा चीक वासराचा, उरला तर आपला.

पुढचे सात-आठ दिवस वासराला वेगळं पाजा. बोट चोखायला द्यायचं, बोटाच्या जागी निपल द्यायचं. जे वासरू निपलवर न अडखळता, स्वतःहून येऊन पितं, तेच गटात सोडायचं. टिकलीला मी चौथ्याच दिवशी सोडलं होतं.

गटात काय बिघडतं

पहिली गोष्ट सांगितलीच, वेगाची.

दुसरी, चोखण्याची. आईखाली वासरू दिवसातून अनेकदा पितं, हुंदडत, ढुशा देत. दुधाची चव तोंडात आली की चोखण्याची ओढ जागी होते आणि ती दहाएक मिनिटं टिकते. पिंपातलं दूध तीन मिनिटांत संपतं, ओढ उरते. मग वासरं एकमेकांचे कान चोखतात, बेंबी चोखतात, कासेची जागा चोखतात. बेंबी सुजते, आणि काहींना ही खोड मोठेपणी दुसऱ्या गाईला पिण्यापर्यंत राहते. लोक म्हणतात वासरू वाईट वळणाचं आहे. वळण कसलं, त्याचं चोखायचं काम अर्धवट राहिलंय.

याला शरीराचीही बाजू आहे. वासराला चार पोटं. कोटीपोट अजून झोपलेलं असतं. दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जायला हवं. त्यासाठी अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ असते. चोखताना ती मिटते आणि दूध योग्य जागी जातं. बादलीतूनही ती मिटू शकते, पण घाईघाईने गटागटा पिताना दूध कोटीपोटात सांडण्याची भीती जास्त. तिथे ते आंबतं. मान वर करून सावकाश चोखणं हे म्हणून लाड नाहीत.

तिसरी गोष्ट लपलेल्या आजाराची. आपण समजतो, आजारी वासरू दुधाला येत नाही. पण कमी दुधावर ठेवलेलं वासरू इतकं भुकेलेलं असतं की ताप असला तरी येतं. पोटभर पिणाऱ्या वासराचं पिणं आजारात घटतं, ते लगेच कळतं. म्हणजे भूक आजार झाकते. गोठेवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

चार पद्धती

आता पाजण्याच्या पद्धती. स्वस्तापासून महागाकडे जाऊ.

पहिली, दावणीची. वासरांना हातभर अंतराने बांधायचं, प्रत्येकापुढे स्वतःची बादली, शक्यतो निपल लावलेली. दूध मोजून ओतायचं. पिऊन झालं तरी १५-२० मिनिटं सोडायचं नाही, रिकामं निपल चोखू द्यायचं, पुढ्यात मूठभर काफ स्टार्टर आणि मऊ वाळली वैरण टाकायची. ओढ शमली की मोकळं करायचं. आमच्याकडे आता हेच आहे. खर्च म्हणजे नऊ बादल्या, नऊ निपल आणि माझा अर्धा तास. माझा अर्धा तास फुकट आहे. (हशा)

दुसरी, कुंपणाला अडकवायच्या निपलांच्या लांब भांड्याची. न्यूझीलंडमध्ये गाई हिवाळ्याच्या शेवटी एकदमच वितात, शेकडो वासरं एकाच महिन्यात. तिथे ही भांडी सर्रास वापरतात, 'काफेटेरिया' म्हणतात त्यांना. यात दोन प्रकार. एकात आत खण असतात, प्रत्येक निपलला स्वतःचं मोजलेलं दूध. दुसऱ्यात आत सगळं मोकळं. मोकळं भांडं म्हणजे माझ्या पिंपालाच निपल लावल्यासारखं आहे. वेग कमी होतो, पण धटिंगण तो धटिंगणच. खणांच्या भांड्यातही स्वतःचं संपवलेलं वासरू शेजाऱ्याला ढकलतं, म्हणून दोन निपलांमध्ये खांद्यापर्यंत पोचेल अशी आडकाठी हवी.

तिसरी, मुबलक दुधाची. टाकीत दूध कायम ठेवायचं, वासराने हवं तेव्हा यावं. दूध टिकावं म्हणून ते आंबट करतात. फिनलंडमध्ये आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात यासाठी पातळ केलेलं फॉर्मिक आम्ल थंड दुधात मिसळतात. कुणीच भुकेलं नसेल तर भांडणही नाही, हा त्यातला विचार मला आवडतो. पण तीव्र फॉर्मिक आम्ल हात-डोळे जाळतं, आणि कोमट दुधात टाकलं तर दूध फाटतं. पशुवैद्य शेजारी उभा नसताना हा उद्योग करू नका. शिवाय आपल्याकडे डेअरीचा भाव डोळ्यांसमोर असताना टाकी भरून ठेवायला हात होत नाही, हेही खरं.

चौथी, यंत्राची. गळ्यात किंवा कानात बिल्ला असतो, वासरू निपलपाशी आलं की यंत्र त्याला ओळखतं आणि त्याच्या वाट्याचं कोमट दूध देतं. एका निपलवर पंचवीस-तीस वासरं निभतात, कारण ती पाळीपाळीने दिवसभर येतात. कोण किती प्यायलं, किती वेगाने, कोण आलंच नाही, सगळं नोंदतं. माझी वही जे करायला हवी होती ते हे यंत्र करतं. पण त्याच्या नोंदी रोज वाचणारा माणूस नसेल तर तीही माझ्या वहीसारखीच होईल.

कोणतीही पद्धत असो

काही नियम सगळीकडे सारखे.

निपलं वासरांइतकी हवीत, एखादं जास्तच असू द्या. सगळी एकाच वेळी बदला. जुन्या निपलचं भोक मोठं होतं, तिथलं वासरू भरभर पितं आणि शेजारी हात मारतं. निपल उलटं धरलं तर थेंब पडावेत, धार लागू नये.

गट लहान ठेवा. जोड्या लावताना नुसतं वय बघू नका, पिण्याचा वेग बघा. सावकाश पिणारी एकत्र, भरभर पिणारी एकत्र. एवढं एक केलं असतं तरी टिकली वाचली असती. यासाठी पैसे लागत नाहीत, पहिली दोन मिनिटं उभं राहून बघावं लागतं.

दूध वासराच्या अंगाइतकं गरम, साधारण ३९ अंश. वेळ रोज तीच. वजनाचा दहावा हिस्सा हा जुना ठोकताळा आहे. आता पहिल्या महिन्यात त्याहून बरंच जास्त, पाचव्या हिश्शापर्यंत द्या असं सांगतात. थंडीत तर कमी करूच नका.

सोबत स्वच्छ पाणी आणि काफ स्टार्टर पहिल्या आठवड्यापासून. दूध कोटीपोटाला वळसा घालून जातं, म्हणून कोटीपोटाला लागणारं पाणी दुधातून मिळत नाही. धान्य आणि पाणी यांनीच कोटीपोट जागं होतं. दूध एकदम तोडू नका. वासरू सलग तीन दिवस किलोभर खुराक खायला लागलं की टप्प्याटप्प्याने तोडा.

भांडी आधी कोमट पाण्याने खळबळा, मग साबण आणि गरम पाणी, मग उलटी घालून वाळवा. पहिल्यांदाच कढत पाणी घातलं तर दुधाचा थर चिकटून बसतो. औषध चालू असलेल्या गाईचं दूध डेअरी घेत नाही म्हणून वासरांना पाजतात. तसं करू नका. त्या दुधातल्या प्रतिजैविकांनी वासराच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात.

हगवण लागली तर वासरू गटातून काढा. दूध बंद करू नका. दूध चालू ठेवून मधल्या वेळेत क्षार-साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांना बोलवा.

वस्ताद आणि वही

आता शेवटी थोडं माझ्या विषयाचं.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात मिलो नावाच्या पैलवानाचा दाखला दिलाय. दहा मापं अन्न फार होतं आणि दोन मापं थोडं, म्हणून तालमीतला वस्ताद सगळ्यांना सहा मापं वाढत नाही. सहा मिलोला कमी पडतील आणि नव्या पोराला जास्त होतील. वस्तूचा मध्य गणिताने निघतो, माणसाचा मध्य ज्याला त्याला बघून काढावा लागतो. हा दाखला मी वर्गात कितीदा दिला असेल, त्याची गणती नाही. आणि गोठ्यात गेल्यावर अठराला नऊने भागून मोकळा झालो.

दुसरी गोष्ट. सारखं वाटणं आणि सारखं मिळणं यांत मधे फाटक असतं. मी वाटलं सारखंच. मिळालं ते दांडगाईने. युरोपीय संघाचा वासरांच्या संरक्षणाचा २००८ सालचा नियम आहे. तो सांगतो, वासरं गटात असतील आणि त्यांना मुबलक किंवा यंत्राने दूध मिळत नसेल, तर प्रत्येक वासराला इतरांबरोबर एकाच वेळी खाण्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. बघा, त्यात 'दया करा' असं म्हटलेलं नाही. जागा करा, असं म्हटलंय. माझ्याकडे दया भरपूर होती. टिकलीला मी रोज कुरवाळत होतो. कमी होती ती एका निपलची जागा आणि दोन मिनिटांचं बघणं.

आता वहीत एका वेळेला नऊ ओळी असतात. प्रत्येकाचं नाव, किती प्यायलं, किती मिनिटांत, काही राहिलं का. एकूण किती झालं ते मी लिहीत नाही. पुतण्याला डेअरीच्या हिशेबाला लागतं, ते तो लिहितो.

एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

*श्रोत्यांतून : सर, एवढा खटाटोप करण्यापेक्षा वासरू गाईखालीच का ठेवू नये?*

ठेवता येतं. म्हशी आणि देशी गाई असलेले बरेच जण ठेवतातच, आणि युरोपातही काही गोठेवाले पुन्हा तिकडे वळलेत. चोखण्याचा प्रश्न तिथे आपोआप सुटतो. पण तिथेही बघणं सुटत नाही. गाईला किती दूध उरलं, वासरू खरंच पीत आहे का, हे कळत नाही. आणि महिना-दोन महिन्यांनी तोडलं की दोघंही दिवसचे दिवस हंबरतात. ते तोडणं हळूहळू करावं लागतं. तुमच्याकडे दोन-चार जनावरं असतील तर जरूर करा. फक्त सगळं गाईवर सोपवून घरात जाऊ नका. गाईचा सड दुखत असेल तर ती लाथ मारते, आणि वासरू आपलं उपाशीच.

*श्रोत्यांतून : आणि गोऱ्हे? त्यांना कोण एवढं दूध पाजतो?*

हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी माझी इच्छा होती. कालवडीला दूध पाजलं की अडीच-तीन वर्षांनी ती परत देते. गोऱ्हा देत नाही. म्हणून कित्येक गोठ्यांत त्याला मुद्दाम शेवटच्या जागेवर उभं करतात. कुणी मारत नाही, फक्त कमी पडू देतात. टिकलीच्या बाबतीत माझ्याकडून जे न कळता झालं, तेच इथे कळून होतं. माझ्याकडे याचं पैशातलं उत्तर नाही. पुतण्या आता लिंगनिर्धारित रेतन वापरतो, त्यामुळे गोऱ्हे कमी होतात. पण जो जन्माला आला, त्याची ओळ वहीत असते, आणि त्या ओळीत शून्य लिहायला माझा हात धजत नाही. एवढंच सांगू शकतो.